‘ते मासे खात नव्हते’: एका निष्कर्षाची तपासणी



मागच्या व्याख्यानात आपण अनुमान या प्रमाणाविषयी बोललो. त्यावर एका श्रोत्यांनी लिहिलं, "सर, धूर आणि अग्नी किती दिवस? आजच्या विज्ञानातलं एखादं उदाहरण घ्या की." तक्रार रास्त आहे. वर्षानुवर्षं वर्गात मी तो एकच डोंगर पेटवत आलो. म्हणून आज उदाहरण हाडांचं. हजारो वर्षांपूर्वी मेलेल्या माणसाच्या हाडाचं रासायनिक पृथक्करण करून तो काय खात होता हे सांगणारी एक विद्याशाखा गेल्या पन्नासएक वर्षांत उभी राहिली आहे. तिच्यातला एक गाजलेला निष्कर्ष आज आपण तपासणार आहोत.

हा विषय माझ्या डोक्यात कसा शिरला तेही सांगतो. आमच्या इमारतीत एक जागा भाड्याने द्यायची होती. येणारं कुटुंब मासे खाणारं होतं. झालं, ग्रुपवर वादाला तोंड फुटलं. एकाने लिहिलं, शास्त्रज्ञांनी हाडांवरून सिद्ध केलं आहे की आपले पूर्वज सगळं खायचे. दुसऱ्याने तासाभरात नेमकं उलटं सिद्ध झाल्याची बातमी टाकली. दोघांनीही मूळ निबंध वाचलेला नसणार. निवृत्त माणसाला वेळ असतो, म्हणून मी वाचत बसलो. आणि लक्षात आलं, की ‘हाडांवरून सिद्ध झालं’ या शब्दांत दोन वेगळी विधानं एकत्र बांधलेली असतात. एक, यंत्राने काय मोजलं. दुसरं, त्यावरून माणसाने काय ताडलं. पहिल्याचा भक्कमपणा आपण नकळत दुसऱ्याला देऊन टाकतो. आजचं सगळं व्याख्यान एवढ्याचसाठी आहे.

आधी यंत्राने काय मोजलं ते समजून घेऊ.

कार्बनचे अणू सगळे एका वजनाचे नसतात. बहुतेक बारा वजनाचे, शंभरात साधारण एक तेरा वजनाचा. यांना समस्थानिक म्हणतात, आयसोटोप. झाडं हवेतून कार्बन घेतात तेव्हा जड अणू थोडे कमी घेतात. पण सगळी झाडं सारखीच निवड करत नाहीत. भात, गहू, सातू, डाळी यांची प्रकाशसंश्लेषणाची एक रीत आहे, तिला सी-थ्री म्हणतात. ज्वारी, बाजरी, नाचणी, मका, ऊस यांची दुसरी, ती सी-फोर. पहिल्या गटात जड कार्बनचं प्रमाण ठरलेल्या मानकापेक्षा हजारी सुमारे २६ ने कमी असतं, दुसऱ्यात सुमारे १२ ने. हा फरक खाणाऱ्याच्या शरीरात उतरतो. हाडात कोलॅजन नावाचं प्रथिन असतं, त्यात तो मोजता येतो. केवळ पहिल्या गटावर जगलेल्या माणसाच्या कोलॅजनमध्ये आकडा उणे २१ च्या आसपास येतो, केवळ दुसऱ्या गटावर जगलेल्याचा उणे ७ च्या आसपास.

१९७०च्या दशकात निकोलास व्हॅन डर मर्व आणि जॉन फोगेल यांनी ही युक्ती उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडच्या जंगलपट्ट्यातल्या प्राचीन सांगाड्यांवर वापरली. त्या प्रदेशातलं बहुतेक खाद्य सी-थ्री, मका मात्र बाहेरून आलेला सी-फोर. त्यामुळे मका जेवणाचा मुख्य भाग कधी झाला हे हाडांच्या आकड्यात सरळ दिसलं. उदाहरण इतकं स्वच्छ होतं, की सगळी शाखा त्यावर उभी राहिली. तेव्हाच एका जोडीचं काम सुरू होतं, डीनायरो आणि एप्स्टाइन. त्यांनी प्राण्यांना ठरावीक खाद्य देऊन आधी कार्बनचा आणि मग नत्राचा हिशेब मांडला. नत्राचंही असंच आहे, चौदा आणि पंधरा वजनाचे अणू. अन्नसाखळीत एक पायरी वर गेलं की जड नत्र हजारी तीन ते पाचने वाढतं. गवतापेक्षा गाईत जास्त, गाईपेक्षा वाघात जास्त. समुद्रातल्या साखळ्या लांब असतात, म्हणून मासे आणि सील खाणाऱ्या माणसात नत्राचा आकडा चढतो; कार्बनचाही चढतो, पण वेगळ्या कारणाने.

इथपर्यंत मोजमाप आहे. ते उत्तम आहे, आणि ते करणारे लोक काटेकोर आहेत. कोलॅजन सडलेलं नाही ना, हे पाहण्यासाठी त्यातलं कार्बन-नत्राचं गुणोत्तर २.९ ते ३.६ या दरम्यान आहे का ते तपासतात. नसेल तर नमुना बाद. माझी शंका यंत्राबद्दल नाही. यंत्रानंतर जे वाक्य लिहिलं जातं, त्याबद्दल आहे.

आता आपली व्याप्ती आठवा. ‘जिथे धूर तिथे अग्नी’ ही व्याप्ती टिकते. ‘जिथे अग्नी तिथे धूर’ ही टिकत नाही, कारण तिथे ओलं सरपण ही अट लपलेली आहे. नैयायिक या लपलेल्या अटीला उपाधी म्हणतात. हाडांच्या अनुमानात अशा उपाध्या आहेत का? पुष्कळ आहेत, आणि त्यांतल्या काही तुमच्या गोठ्यात सापडतील.

समजा, एका माणसाने जन्मात ज्वारीची भाकरी खाल्ली नाही. भात खाल्ला, आणि दूध-दही भरपूर. त्याची गाय मात्र कडब्यावर होती. कडबा ज्वारीचा. गाईच्या दुधातली प्रथिनं त्या कडब्यातून आली, आणि ती याच्या हाडात गेली. आकडा सांगणार, हा ज्वारी खाणारा. माणूस भातावर वाढलेला, पण त्याच्या हाडात गाईचा चारा बोलतो आहे! म्हणून जाणते संशोधक माणसाच्या हाडांबरोबर त्याच जागेवरच्या जनावरांची हाडंही मोजतात. जिथे ती मोजलेली नाहीत तिथे निष्कर्ष जपून घ्यावा.

नत्राची उपाधी म्हणजे शेणखत. इंग्लंडमध्ये रॉथमस्टेड इथे १८४३पासून गव्हाचा एक प्रयोग अखंड चालू आहे. काही वाफ्यांना दरवर्षी शेणखत, काहींना काहीच नाही. एमी बोगार्ड आणि सहकाऱ्यांनी २००७मध्ये दाखवलं, की वर्षानुवर्षं शेणखत घातलेल्या गव्हात जड नत्र बरंच वाढतं, अन्नसाखळीची एक पायरी चढल्याइतकं वाढू शकतं. म्हणजे खतावलेल्या शेतातली भाकरी खाणारा माणूस आकड्यावरून मांस खाणारा वाटू शकतो. त्याआधी कितीतरी सांगाड्यांना ‘भरपूर मांसाहारी’ असं प्रमाणपत्र देऊन झालं होतं.

तिसरी गोष्ट उपाधीपेक्षा वेगळी आहे, पण महत्त्वाची. कोलॅजन हे प्रथिन, आणि ते मुख्यतः अन्नातल्या प्रथिनांपासून बनतं. उंदरांना मोजून-मापून खाऊ घातलेल्या प्रयोगांतून १९९३मध्ये हे स्पष्ट झालं. आपल्या कोकणातलं ताट डोळ्यांसमोर आणा. भाताचा डोंगर आणि कालवणात बांगड्याचे दोन तुकडे. पोट भरलं भाताने, पण कोलॅजनमध्ये बांगड्याचा आवाज त्याच्या आकारमानापेक्षा मोठा. तेव्हा ‘आहारात इतके टक्के मासे’ हे वाक्य वाचलं की विचारावं, ताटातले टक्के की प्रथिनांतले?

आता मूळ प्रकरणाकडे येतो. स्थळ ब्रिटन. काळ इसवीसनपूर्व ४०००च्या सुमारास, मध्याश्मयुग संपून नवाश्मयुग सुरू होतं तो. मध्याश्मयुगातले लोक शिकार करणारे, कंद-फळं गोळा करणारे, किनाऱ्यावर असतील तर मासेमारी करणारे. नवाश्मयुगात शेती आली, गुरं आली. डेन्मार्कमध्ये हेन्रिक टाउबर यांनी १९८१मध्ये दाखवलं होतं, की या सीमेवर किनाऱ्यावरच्या लोकांच्या हाडांतला समुद्र एकदम आटतो. २००३मध्ये मायकेल रिचर्ड्‌स, रिक शुल्टिंग आणि रॉबर्ट हेजेस यांनी ब्रिटनबद्दल तेच मांडलं, ‘नेचर’मध्ये. मध्याश्मयुगीन किनारी हाडांत समुद्र ठळक. उदाहरणार्थ स्कॉटलंडजवळचं ओरोन्से बेट, तिथे आकडा उणे १२ च्या घरात. नवाश्मयुगीन हाडांत, किनाऱ्यावरच्यासुद्धा, तो जवळपास नाही. निष्कर्ष असा, की बदल झपाट्याने आणि संपूर्ण झाला. शेतीच्या नव्या जीवनाचं आकर्षण इतकं जबरदस्त, की किनाऱ्यावरच्या लोकांनीही चांगली चाललेली मासेमारी सोडून दिली.

मोठा, देखणा निष्कर्ष. त्यात तीन विधानं आहेत. मासे खात नव्हते. सोडून दिले. आकर्षणामुळे सोडले. एकेक घेऊ.

पहिलं, खात नव्हते. हे अभावाचं ज्ञान आहे. आपल्याकडे यावर शतकानुशतकं वाद झाला. भाट्ट मीमांसकांनी अनुपलब्धी हे स्वतंत्र प्रमाण मानलं, नैयायिकांनी मानलं नाही. पण एका अटीवर दोघांचं एकमत आहे. जमिनीवर घडा दिसत नाही, म्हणून घडा नाही, असं केव्हा म्हणता येतं? घडा असता तर दिसलाच असता, अशी परिस्थिती असेल तेव्हाच. अंधाऱ्या खोलीत ‘दिसत नाही’ म्हणून ‘नाही’ होत नाही. याला योग्यानुपलब्धी म्हणतात. त्या शब्दातलं ‘योग्य’ महत्त्वाचं.

मग प्रश्न असा: नवाश्मयुगीन माणसाने मासे खाल्ले असते, तर ते त्याच्या हाडात दिसलेच असते का? २००४मध्ये निकी मिल्नर आणि सहकाऱ्यांनी ‘अँटिक्विटी’ या नियतकालिकात हाच आक्षेप घेतला. संस्कृत न वाचता त्यांनी योग्यतेची अट मागितली, याचा मला फार आनंद झाला. त्यांचं म्हणणं असं: डेन्मार्कमध्ये कालवा-शिंपल्यांचे प्रचंड ढिगारे आहेत, आणि त्यांतल्या काहींत नवाश्मयुगीन थरांतही शिंपले आहेत, माशांचे काटे आहेत. हे कोणी खाल्लं? शिवाय सांगाडे मोजके. मध्याश्मयुगीन ब्रिटनचे तर फारच मोजके, ओरोन्सेवर मिळालेली बरीचशी हाडं म्हणजे हातापायांची बोटं. नवाश्मयुगात मोठमोठ्या दगडी थडग्यांत पुरले गेले ते सगळ्या समाजाचे प्रतिनिधी होते का? आणि समुद्री अन्नाचा वाटा पाचव्या हिश्श्याच्या आत असेल तर तो कार्बनच्या आकड्यात लपून जाऊ शकतो. त्यावर रिचर्ड्‌स आणि शुल्टिंग यांचं उत्तर २००६मध्ये आलं: थोडाफार मासा कुणी खाल्ला असेल, पण मुख्य अन्न बदललं हे नाकारता येत नाही.

आता न्याय कुणाच्या बाजूने द्यायचा? मी दोन पुराव्यांकडे पाहतो, आणि दोन्ही हाडांबाहेरचे किंवा निदान त्या हाडांच्या सरासरीबाहेरचे आहेत.

एक पुरावा मडक्यांचा. भाजलेल्या मातीत स्वयंपाकाची चरबी मुरते आणि हजारो वर्षं टिकते. लूसी क्रॅम्प आणि सहकाऱ्यांनी २०१४मध्ये ब्रिटन-आयर्लंडच्या नवाश्मयुगीन खापऱ्या तपासल्या. त्यांत दुधाची चरबी सापडली, माशांची जवळपास नाहीच. वेगळ्या वाटेने आलेला साक्षीदार तेच सांगतो. रिचर्ड्‌स यांच्या बाजूला हे मोठं बळ आहे, आणि ते मान्य केलं पाहिजे.

दुसरा पुरावा दातांचा. मांडीच्या हाडातलं कोलॅजन मोठ्या माणसात दहा वर्षं किंवा त्याहून जास्त काळाची सरासरी सांगतं. सरासरीत एखादा वाईट हंगाम बुडून जातो. दातातलं डेंटिन मात्र थराथराने वाढतं आणि नंतर फारसं बदलत नाही. मुलाच्या दाताचे पातळ काप केले तर त्याचं बालपण क्रमाने वाचता येतं. शेटलंड बेटांवर संबर्ग इथल्या नवाश्मयुगीन मुलांच्या दातांवर जॅनेट मॉन्टगोमेरी आणि सहकाऱ्यांनी २०१३मध्ये हे केलं, आणि समुद्री अन्न अधूनमधून, थोड्या थोड्या काळासाठी उमटलेलं दिसलं. त्यांनी सुचवलं, की अन्नाचा तुटवडा पडला की ही माणसं समुद्राकडे वळत असावीत.

इथे मी वाचताना थांबलो. ‘संपूर्ण बदल’ या शब्दांच्या मागे कुठेतरी हे होतं: पीक गेलं, गुरं आटली, आणि आई मुलाला खडकावरचे शिंपले खायला घालते आहे. दहा वर्षांच्या सरासरीत ते उपाशी दिवस नाहीसे झाले होते. म्हणून माझा निवाडा असा. मुख्य अन्न बदललं, हे विधान टिकतं. ‘खात नव्हते’ हे तसंच्या तसं टिकत नाही, कारण मोठ्या माणसाच्या हाडाला थोडा मासा पाहण्याची योग्यताच नाही.

दुसरं विधान, सोडून दिले. या क्रियापदाकडे नीट पाहा. सोडण्यासाठी आधी धरलेलं असावं लागतं. ज्याने धरलं आणि ज्याने सोडलं तो कर्ता एकच असावा लागतो. हाडांत काय आहे? काही लोकांच्या हाडांत समुद्र आहे, नंतरच्या काही लोकांच्या हाडांत नाही. हे दोन समूह एकच, हे आकड्यात कुठेही लिहिलेलं नाही. ते वाक्यरचनेतून आत शिरलं. २०१९मध्ये प्राचीन जनुकांचा अभ्यास प्रसिद्ध झाला, सेलिना ब्रेस आणि सहकाऱ्यांचा. त्यातून दिसलं, की ब्रिटनमधल्या पहिल्या शेतकऱ्यांचा वंश मुख्यतः युरोपच्या मुख्य भूमीवरून आलेल्या लोकांचा आहे, त्याची मुळं पार एजियन समुद्राच्या परिसरात जातात. तिथल्या जुन्या शिकारी लोकांचा वाटा त्यात थोडा. म्हणजे ज्यांनी मासे सोडले असं आपण म्हणतो, त्यांतल्या बहुतेकांच्या आजोबा-पणजोबांनी ते ओरोन्सेच्या किनाऱ्यावर कधी धरलेच नव्हते. ज्यांनी धरले होते त्यांचं काय झालं, हा वेगळाच आणि जास्त अस्वस्थ करणारा प्रश्न आहे. तो ‘सोडून दिले’ या दोन शब्दांखाली झाकला गेला होता.

तिसरं, आकर्षण. याबद्दल फार बोलायला नको. माणसाने एखादी गोष्ट न खाण्याची कारणं अनेक: मिळत नाही, परवडत नाही, आवडत नाही, वर्ज्य आहे, किंवा तो खालच्यांचा खाऊ समजला जातो. कोलॅजनमध्ये यांतल्या सगळ्यांचा आकडा एकच येतो. आपल्याकडची एकादशी घ्या. भक्ताने उपासाला भगर खाल्ली, राजगिऱ्याचा लाडू खाल्ला. भगर सी-फोर, राजगिराही सी-फोर. रोजची ज्वारीची भाकरीही सी-फोर. यंत्राला उपास आणि जेवण यांतला फरकच कळणार नाही. श्रावण कडक पाळणारा आणि श्रावणात पैशाअभावी मासळी न घेऊ शकलेला, दोघांची हाडं सारखीच.

आता तुम्ही म्हणाल, हे सगळं ब्रिटनचं झालं, आपल्याकडचं काय? आपल्याकडे इनामगाव आहे. शिरूर तालुक्यात, घोड नदीच्या काठी. पुण्याच्या डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ तिथे उत्खनन केलं, १९८८मध्ये अहवाल आला. ताम्रपाषाणयुगीन गाव, इसवीसनपूर्व सुमारे १६०० ते ७००. सातू, गहू, मसूर, कुळीथ यांचे जळके दाणे मिळाले, जनावरांची हाडं मिळाली, घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली लहान मुलं मिळाली. मानवी हाडांतल्या सूक्ष्म मूलद्रव्यांवरून आहार शोधण्याचा प्रयत्नही त्या अहवालात आहे. त्या काळी जगभर हीच पद्धत नवी होती: स्ट्रॉन्शियम जास्त तर वनस्पती जास्त, जस्त जास्त तर मांस जास्त. पुढे दोन अडचणी कळल्या. पुरलेलं हाड मातीतल्या पाण्यातून ही द्रव्यं शोषून घेतं. आणि हाडातलं जस्त खाण्यावरून वाचता येतं या समजुतीलाच शरीरशास्त्रात पुरेसा आधार नाही, हे जोसेफ एझो यांनी १९९४मध्ये दाखवलं. यात आपल्या संशोधकांना कमीपणा नाही. त्या वेळचं उत्तम साधन त्यांनी वापरलं. पण तो अहवाल आज कुणी ‘सिद्ध झालं’ म्हणून नाचवला, तर त्याला १९९४ची आठवण करून द्यावी. आणि दक्कनच्या उष्ण हवेत कोलॅजन टिकणं कठीण असतं, त्यामुळे ब्रिटनसारखी मोजणी इथे सहज होत नाही. इथे जळक्या दाण्यांची, दातांच्या लुकणाची आणि खापऱ्यांची साक्षच जास्त कामाची.

तर यापुढे ‘हाडांवरून सिद्ध झालं’ असं वाचनात आलं, की तीन प्रश्न विचारत चला. मोजलं काय, आणि ते किती वर्षांची सरासरी आहे? जे ‘नाही’ म्हणतात, ते असतं तर दिसलं असतं का? आणि वाक्यातलं क्रियापद आकड्यातून आलं, की लिहिणाऱ्याच्या मनातून?

हे प्रश्न विचारणं म्हणजे विज्ञानावर अविश्वास नव्हे. मिल्नर, मॉन्टगोमेरी, बोगार्ड, एझो हे सगळे त्याच शाखेतले लोक आहेत. आपल्याच घरातली उपाधी त्यांनी शोधली आणि जाहीर सांगितली. ग्रुपवर बातमी पुढे ढकलणाऱ्यांपेक्षा त्यांच्यात हाच फरक आहे.

आणि आमच्या इमारतीतली ती जागा? मी सभेत एवढंच म्हणालो, की हजारो वर्षांपूर्वी कोण काय खात होतं याचा शोध जरूर घ्यावा, मी स्वतः घेतो आहे. पण शेजारी कुणी राहावं हे त्या हाडांना विचारू नये. शेटलंडच्या त्या मुलाच्या दाताने आपल्याला सांगितलं ते एवढंच, की घरात काही नव्हतं तेव्हा त्याला समुद्राने जेवू घातलं. जागा शेवटी त्याच कुटुंबाला मिळाली. माझ्या युक्तिवादामुळे नव्हे, मालकाला भाडं वेळेवर हवं होतं म्हणून. कारण काय होतं, हे निकालावरून ओळखता येत नाही, हे तुम्हाला आता वेगळं सांगायला नको.

इथे थांबतो. प्रश्न लिहून पाठवा.